दारात उभा असलेला माणूस



पोटापाण्यासाठी घर सोडून जाणाऱ्या माणसाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ज्या दारातून तो जातो त्या दाराविषयी मात्र क्वचितच बोलतो. ते दार कधी सताड उघडे असते, कधी फटीएवढे किलकिले असते, तर कधी एका रात्रीत बंद होते. दूरच्या राजधानीत एक फर्मान निघते, आणि इकडे एखाद्या घरातील बहिणीचे शिक्षण, भावाचे लग्न, गहाण पडलेले शेत या सर्वांचे गणित बदलून जाते. अशा वेळी त्या घराच्या आधाराला कोण उभे राहते? शाळा, मंडळ, धर्मग्राम, सरकारी कचेरी या संस्था बदललेल्या कायद्याशी कशा जुळवून घेतात, आणि त्यांना उशीर झाला तर त्याची किंमत कोण मोजतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आपल्याच तालुक्यातील सरहद्द

उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. आपल्या जोयडा तालुक्यातच, सह्याद्रीच्या माथ्यावर, कॅसलरॉक हे रेल्वेस्थानक आहे. आज तेथून घाट उतरणारे प्रवासी दूधसागराच्या धबधब्याची वाट पाहत खिडकीशी बसलेले असतात. परंतु १९६१ सालापर्यंत हे स्थानक म्हणजे एका राज्याचा शेवटचा उंबरठा होता. घाट उतरून कुळे येथे पोहोचले की पोर्तुगीज अंमल सुरू होई. अलीकडे एक जकातीची चौकी, पलीकडे दुसरी. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या घाट चढून इकडे सासरी आल्या असतील, आणि कित्येकांचे आजोबा याच वाटेने कामाच्या शोधात मुंबई-पुण्याकडे गेले असतील.

हा लोहमार्ग झाला तो एका करारामुळे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांमध्ये हा करार झाला, आणि १८८० पासून बारा वर्षे तो अमलात राहिला. गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकातीची नाकी उठविण्यात आली. त्या बदल्यात गोव्यातील मिठाचे उत्पादन ब्रिटिशांच्या मक्त्याखाली गेले, आणि पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरील सरहद्दीपर्यंत लोहमार्ग बांधण्याचेही याच करारात ठरले, व १८८८ साली तो वाहतुकीस खुला झाला. व्यापारासाठी केलेल्या या कराराने माणसांचे जीवन मात्र पालटून टाकले. मिठागरांवर पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला. ज्या कराराने घरचे मीठ हिरावून घेतले, त्यानेच घराबाहेर पडण्याची वाटही बांधून दिली. १८९२ च्या जानेवारीत करार संपला आणि जकातीच्या चौक्या परत आल्या. पण एकदा बाहेर पडलेले पाऊल माघारी फिरले नाही. मालावर जकात होती, तरी माणसांची ये-जा पुढील साठेक वर्षे बहुतांशी मोकळीच राहिली.

शाळा आणि कूड

या मोकळ्या दारातून जाणाऱ्यांना दोन अडचणी होत्या. पहिली भाषेची. मुंबईस काम मिळवावयाचे तर इंग्रजी पाहिजे. गोव्यातील सरकारी शाळांत शिकविले जाई ते पोर्तुगीज. सरकारने ही गरज ओळखण्याची वाट न पाहता काही धर्मगुरू पुढे सरसावले. १८८७ साली बार्देशातील हडफडे येथे फादर विल्यम लायन्स यांनी सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली, आणि पुढे तशा आणखी शाळा निघाल्या. गावात शिकून गावातच राहणारा विद्यार्थी आता थोडा उरला आहे, हे ज्यांनी पाहिले त्यांनी आपली शाळा जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल अशी घडविली.

दुसरी अडचण निवाऱ्याची. मुंबईत पाय ठेवणाऱ्या खेडवळ मुलाने रात्री पाठ कोठे टेकावी? या प्रश्नाचे उत्तर कोणा सरकारने किंवा धनिकाने दिले नाही; गावकऱ्यांनीच ते दिले, आणि त्याचे नाव कूड. धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत चाळींतील खोल्या भाड्याने घेऊन एकेका गावाने आपापली कूड थाटली. भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या पेट्या, एका बाजूला गावच्या आश्रयदात्या संताची वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची जपमाळ, मासिक वर्गणी नाममात्र, आणि गावाहून येणाऱ्या पत्राला एक कायमचा पत्ता. आचारी, बेकरीवाले, वाजंत्री, शिंपी, आणि एका जहाजावरून उतरून दुसऱ्याची वाट पाहणारे खलाशी तेथे राहत. आज आलेल्या मुलाला कोणत्या हॉटेलात जागा आहे, कोणत्या कंपनीचे जहाज लागणार आहे, हे जुना रहिवासी सांगे. आजारी पडलेल्याला आणि मेलेल्याला कूड वाऱ्यावर सोडीत नसे.

कुडीची एक उणीवही सांगितली पाहिजे. ती मुख्यतः पुरुषांची होती. साहेबांच्या बंगल्यात आया म्हणून किंवा शेठांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून गेलेल्या बायकांना तसा आसरा सहसा मिळाला नाही. त्या मालकिणीच्या मर्जीवर राहिल्या. संस्था कितीही चांगली असली तरी ती ज्यांनी काढली त्यांचीच गरज तिला आधी दिसते. बाजूला कोण राहिले हे मुद्दाम वळून पाहावे लागते.

फाटक मिटले

भारत स्वतंत्र झाला आणि गोव्याचा प्रश्न चिघळू लागला. १९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ साली गोव्यातून भारतात येण्या-जाण्यावर परवान्यांची बंधने आली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरू लागले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर भारताने संबंध तोडले, आर्थिक नाकेबंदी केली, आणि कॅसलरॉकहून खाली उतरणारी गाडी थांबली.

या बंदीशी पोर्तुगीज सरकारने किती त्वरेने जुळवून घेतले हे पाहण्यासारखे आहे. १९५५ सालीच दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि गोव्याची स्वतःची विमानसेवा निघाली. हॉलंडहून बटाटे, जपानहून सिमेंट, सिलोनहून चहा येऊ लागला. खाणींतील खनिज परदेशी जात होते, त्यामुळे पैसाही होता. सरकारच्या दृष्टीने अडचण सुटली. घराच्या दृष्टीने ती सुटली नाही. राज्याला हॉलंडहून बटाटे आणता आले. पण मुंबईस असलेल्या मुलाला बापाच्या मातीला पोहोचण्यासाठी आधी परवाना पाहिजे होता. परवान्याची वाट पाहणाऱ्याला राहण्यास जागा होती ती कुडीचीच. गावातील मुलांच्या पहिल्या नोकरीसाठी बांधलेली संस्था आता अडकून पडलेल्या माणसांची धर्मशाळा झाली. तिने आपली घटना बदलली नाही; दारात उभ्या असलेल्या माणसाची गरज बदलली हे तिने ओळखले, इतकेच.

आपल्या ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेतही याच काळात बदल झाला. १९५३ साली बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला, आणि पूर्वी गोव्याच्या महाधर्मप्रांताकडे असलेले घाटमाथ्यावरील ख्रिस्ती लोक त्याच्याकडे आले. दोन वर्षांनी फाटक मिटले तेव्हा या बाजूच्या लोकांना बिशपांची गाठ घेण्यासाठी सरहद्द ओलांडावी लागली नाही. पुढे १९७६ साली त्यातून कारवारचा धर्मप्रांत वेगळा झाला. नोंदवह्यांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी पुढे येईन.

दोन आदेशांची तुलना

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज अंमल संपला. कॅसलरॉकची चौकी निरर्थक झाली आणि एक नवा प्रश्न उभा राहिला: गोव्यात जन्मलेली ही लाखो माणसे आता कोणत्या देशाची? २८ मार्च १९६२ रोजी भारत सरकारने गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जो स्वतः जन्मला, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणी तेथे जन्मले, तो भारताचा नागरिक समजला जाईल. ज्याला आपले पूर्वीचे नागरिकत्व ठेवावयाचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे, असा त्याचा आशय होता.

वाचकहो, या आदेशातील एक बारकावा ध्यानात घ्या. ज्याने काहीच केले नाही, ज्याला आदेश निघाल्याचे कळलेही नाही, तो सांगेच्या रानातील निरक्षर म्हातारा आपोआप नागरिक झाला. अर्ज करण्याचे ओझे होते ते वेगळे काही पाहिजे असणाऱ्यावर.

याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. १९७४ च्या ३१ डिसेंबरला झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले. तथापि १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागण्याची वाट त्या देशाच्या कायद्यात राहिली. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला, आणि काही वर्षांनी पोर्तुगीज पारपत्र असणाऱ्याला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क मिळाला. पुष्कळ गोमंतकीय कुटुंबे त्या मार्गाने स्विंडन, साउथॉल या शहरांत गेली. गोदामांत, कारखान्यांत, विमानतळांवर कामाला लागली. २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश जनतेने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तेथे जाऊन राहिलेल्यांना आपला राहण्याचा हक्क टिकविण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावयाचा होता. येथे ज्याने काहीच केले नाही त्याचा हक्क धोक्यात आला. सबळ कारण दाखविल्यास उशिराचा अर्ज घेण्याची सोय होती हे खरे. पण उशीर कोणाला होतो? म्हाताऱ्या आईला, लहान मुलाला, आणि ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला.

दोन्ही आदेश आपापल्या जागी कायदेशीर होते. परंतु एकाने अज्ञानी माणसाला आत धरले आणि दुसऱ्याने त्याला बाहेर राहू दिले. पंचायतीने, पतपेढीने, धर्मग्रामाने एखादा नियम करताना स्वतःला हा प्रश्न विचारावा: ज्याला ही सूचना वाचताच आली नाही, त्याचे काय होईल?

सर्वांत आधी जुळवून घेणारा

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत कामगारांची मागणी वाढली. त्यासाठी लागणारी भरती, वैद्यकीय तपासणी, व्हिसा ही सर्व कामे मुंबईस होत. खलाशांसाठी असलेली कूड आता कुवेत, दुबई, बहारीन येथे जाणाऱ्यांनी भरून गेली. पुढे गोव्याहूनच पारपत्र मिळू लागले, दाबोळीहून परदेशी विमाने उडू लागली, आणि मुंबईच्या कुडी ओस पडत गेल्या. काही बंद झाल्या. काहींनी इतरांना जागा देण्यास आरंभ केला. संस्थेचे काम संपले असेल तर ते मान्य करण्यातही शहाणपण आहे.

सरकारची पावले मात्र सावकाश पडली. परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी १९२२ चा कायदा होता. तो बदलून नवा आला १९८३ साली, म्हणजे तेलाच्या भरतीला दहा वर्षे झाल्यावर. त्या दहा वर्षांत कोणी काम पाहिले? दलालाने. नवा नियम निघाला की सर्वांत आधी त्याच्याशी जुळवून घेतो तो दलाल. सरकारला दहा वर्षे लागतात, शाळेला पाच, धर्मग्रामाला दोन-तीन. दलालाला एक रात्र पुरते. मधल्या काळात गरीब माणूस त्याच्याच हातात असतो.

ताजे उदाहरण पाहा. वृद्धांची व रुग्णांची देखभाल करणाऱ्या सेवकांसाठी ब्रिटनने २०२२ च्या फेब्रुवारीत व्हिसाचे दार उघडले. ११ मार्च २०२४ पासून अशा सेवकांना बायका-मुले नेण्यास बंदी झाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे सेवक घेणेच बंद झाले. साडेतीन वर्षांत दार उघडले, अर्धे ओढले गेले आणि मिटले. एवढ्या अवधीत नोकरीची प्रायोजनपत्रे लाखो रुपयांना विकणारे निपजले. पत्र हाती पडून तेथे गेलेल्यांपैकी कित्येकांना काम मिळाले नाही, आणि ब्रिटिश सरकारने अनेक मालकांचे परवाने रद्द केले. परवाना मालकाचा गेला. शेत मात्र कामगाराचे गेले.

आखाताच्या बाबतीत आज पुष्कळ रक्षण उपलब्ध आहे. ते माहीत नसते, एवढीच अडचण. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पारपत्रावर ईसीआरची नोंद असते, आणि आखाती व इतर काही देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे कटकट असे दलाल सांगतो व पर्यटकाच्या व्हिसावर पाठवितो. वस्तुतः त्या मंजुरीमुळेच करार, पगार व मालक यांची सरकारदप्तरी नोंद होते. अशा कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरून अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटाचा परवाना खरा की खोटा हे पाहता येते. घरकामासाठी जाणारी, ईसीआर पारपत्राची स्त्री तीस वर्षांहून लहान असेल तर तिला परवानगी मिळत नाही. वय वाढवून पाठवू असे म्हणणाऱ्याच्या सोबत मुलगी पाठवू नये. तिकडे तिच्यावर काही प्रसंग ओढवला तर तिचे खरे वयच तिच्या विरुद्ध साक्ष देईल.

नोंदवही

आता धर्मग्रामाच्या कपाटातील नोंदवहीकडे वळू. पोर्तुगीज नागरिकत्वाची मागणी वाढल्यापासून जुन्या स्नानसंस्काराच्या नोंदींना नवे महत्त्व आले आहे. जेथे सरकारी जन्मनोंद सापडत नाही किंवा तिच्यातील नाव जुळत नाही, तेथे लोक धर्मगुरूंच्या कचेरीकडे येतात. आपल्या भागात त्यात एक गुंतागुंत आहे. धर्मप्रांत दोनदा बदलल्यामुळे एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांच्या नोंदी तीन ठिकाणी असू शकतात. नावांचेही तसेच. आजोबा पोर्तुगीज नोंदीत झुझे, शाळेच्या दाखल्यात जोसेफ, आणि उताऱ्यावर जुजे; आडनाव एके ठिकाणी आधी, दुसरीकडे मागे, तिसरीकडे मुळीच नाही.

येथे विनंती येते: फादर, एवढे एक अक्षर बदला, फादर, जन्मगाव घाटाखालचे लिहा. पहिल्या विनंतीला मार्ग आहे. धर्मग्रामाचा धर्मगुरू आपल्या अधिकारात नोंद खोडू शकत नाही. पण पुरावे सादर केल्यास धर्मप्रांताच्या कचेरीच्या परवानगीने समासात दुरुस्तीची टीप लिहिता येते. मूळ शब्द तसाच राहतो, बाजूला नवी टीप व तारीख येते. ज्याचे म्हणणे खरे आहे त्याला यासाठी सर्व साहाय्य करणे हे कचेरीचे कर्तव्य आहे. वेळ संध्याकाळची असावी, मजुरी बुडवून कोणाला दोनदा यावे लागू नये, शोधाशोधीचा त्रास आपण सोसावा. नियम वाकवावयाचे ते येथे.

दुसऱ्या विनंतीला मार्ग नाही. जन्म घाटावर झाला असेल तर तो घाटाखाली लिहिता येत नाही. ही गोष्ट कठोर वाटते, म्हणून तिचे कारण सांगतो. नोंदवहीची किंमत ती खरी आहे एवढ्यावरच टिकून आहे. एका घरासाठी एक खोटी ओळ लिहिली आणि ती उघडकीस आली, तर लिस्बनमधील किंवा पणजीतील कारकून या धर्मग्रामाच्या प्रत्येक दाखल्याकडे संशयाने पाहील. ज्या विधवेचा दाखला पूर्णपणे खरा आहे तिचेही काम अडेल. दुरुस्त केलेल्या नावाने एकाचे भले होते. खोट्या जन्मगावाने शंभरांचे वाटोळे होते. नियम माणसासाठी वाकवावा; नोंद कोणासाठीही वाकवू नये.

ज्यांची आजी खरोखरच १९६१ पूर्वी सांगे, काणकोण किंवा गोव्याच्या अन्य भागात जन्मलेली आहे, त्यांनी तिच्या जन्माची खरी नोंद तिच्या माहेरच्या गावी शोधावी. ज्यांचे आजी-आजोबा घाटमाथ्यावरच जन्मले, त्यांचे पूर्वज कितीही पिढ्यांपूर्वी गोव्याहून आले असले तरी या कायद्याचा त्यांना उपयोग नाही; त्यांना आशा दाखवून पैसे मागणारा त्यांची फसवणूक करीत आहे. आणि ज्यांना हक्क आहे त्यांनीही चारही बाजू पाहाव्यात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशाचे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते. मत देता येत नाही. ओसीआर नव्हे, ओसीआय हे कार्ड मिळाले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही; वारशाने आलेली ठेवता येते. शिवाय २०२१ पासून त्या पारपत्रावर ब्रिटनमध्ये नव्याने जाऊन नोकरी धरता येत नाही. पोर्तुगाल व युरोपीय संघातील इतर देश मात्र उघडे आहेत. हे सर्व जाणून जो जातो त्याला आपण निरोप द्यावा. न जाणता जातो त्याला थांबवून सांगावे.

आपण काय करावे

कागदाचे मोल काय असते हे आपल्या भागात फोड करून सांगावयास नको. गणेशगुडीचे धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि जुने सुपे पाण्याखाली गेले. घर, अंगण, झाडे गेली. त्या ठिकाणी आपण राहत होतो याची साक्ष देण्यास कागद तेवढे वर राहिले.

म्हणून पहिली गोष्ट, जन्माची नोंद. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला पारपत्र काढताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म-दाखलाच लागतो. शाळेचा दाखला चालत नाही. स्नानसंस्काराच्या दिवशी घरच्यांना हा दाखला काढला का, असे विचारावे, व दोन्हीकडे नाव एकाच प्रकारे लिहिले जाईल याची खबरदारी घ्यावी.

दुसरी गोष्ट, दहावी. पारपत्रावरील एका शिक्क्याचा फरक या एका परीक्षेने पडतो. नववीत शाळा सोडून रिसॉर्टवर किंवा नदीवरील पर्यटकांच्या नावेवर कामाला लागलेल्या मुलाला आज चार पैसे मिळतात. उद्या त्याला परदेशी जावेसे वाटले तर त्याच्यापुढे दुहेरी उंबरठा असतो. शिक्षकांनी व पालकांनी हे त्याला वेळीच सांगावे.

तिसरी गोष्ट, महिन्यातून एक संध्याकाळ. प्रत्येक धर्मग्रामात परदेशी राहून आलेला एखादा तरी माणूस असतो. त्याने, एखाद्या शिक्षकाने आणि धर्मगुरूने मिळून बसावे. ज्याला जावयाचे आहे त्याचा करार वाचून दाखवावा, एजंटाचा परवाना तपासावा, पैसे कोणाला व कशाबद्दल दिले हे वहीत लिहून ठेवावे. यास इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. कुडीनेही आरंभी एवढेच केले होते: आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याला वाट सांगितली. या बैठकीत बायकांना प्रथम जागा द्यावी, म्हणजे कुडीची उणीव आपल्याकडून पुन्हा घडणार नाही.

आणि चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या दाराविषयी. धरण बांधले जात असता दूरदूरच्या प्रांतांतून मजूर येथे आले. त्यांच्यापैकी काही येथेच राहिले आणि आज आपले शेजारी आहेत. आजही हॉटेलांत, बांधकामांवर परप्रांतीय मुले दिसतात. त्यांची भाषा वेगळी, त्यांच्या खोलीत सहा-सहा माणसे, त्यांच्या मजुरीचा हिशेब कोणी पाहत नाही. स्विंडनला गेलेल्या आपल्या मुलाला घरमालकाने कसे वागवावे अशी आपली अपेक्षा असते, तसेच आपण आपल्या भाडेकरूला वागवितो का, हे ज्याने त्याने पाहावे. कायदा आपल्या हातात नाही. आपल्या ओसरीचे दार आपल्या हातात आहे.

पुढील वर्षी कोणत्या देशाचे दार उघडेल आणि कोणाचे मिटेल, हे कोणीच सांगू शकत नाही. दाखला जागेवर असला, करार वाचून दाखविणारा कोणी असला, आणि परत यावे लागले तर लाज न देता घरात घेणारे लोक असले, म्हणजे मिटलेल्या दारासमोरही माणूस एकटा पडत नाही. एवढे आपल्या गावाला जमण्यासारखे आहे.